गाडीत मावेल एवढा आवाज

बोलायच्या आधी अक्का उजव्या हाताची दोन बोटं गळ्यावर ठेवायच्या. मग क्षणभर थांबायच्या, समोरच्याला आपली चूक काय झाली असा विचार करायला लावतील इतपत. आणि मग म्हणायच्या, "लक्ष द्यावे."

त्यानंतर काहीही येऊ शकायचं. "लक्ष द्यावे. नळाला पाणी आलेले आहे. कोपऱ्यावरच्या घरांनी मोटारी आत्ताच लावू नयेत. शेवटच्या घरांपर्यंत पाणी पोचू द्यावे." हर्सूलच्या आमच्या गल्लीत पाणी कधी येईल हे कुणालाच सांगता यायचं नाही, पण आलं की सगळ्यांना एकाच वेळी कळायचं. अक्का गच्चीवर उभं राहून सांगायच्या. माईक नसायचा. लागायचाच नाही.

तुमच्याही गल्लीत कुणीतरी असेल, ज्याच्या आवाजावर चार घरं चालतात. आमच्याकडे चार नव्हे, सगळीच चालायची.

अक्कांनी सारी नोकरी बसस्थानकावर काढली. काचेची छोटी खोली, समोर माईक. सिल्लोडमार्गे सोयगावला जाणारी, बिडकीनमार्गे पैठणला जाणारी, अशा गाड्या त्या निवृत्तीनंतरही एका दमात म्हणून दाखवायच्या आणि शेवटी श्वास उरलाय हे आम्हाला दिसावं म्हणून हसायच्या. आवाजाचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवायच्या नाहीत. थंड पाणी नाही, लोणचं नाही, ताक दुपारी एकच्या आत. टीव्हीवर कुणी बातम्या वाचायला लागलं की त्या पहिल्या वाक्यालाच गुण द्यायच्या, आणि क्वचितच पास करायच्या.

त्यांच्याकडे दोन मराठी होत्या. एक माईकची, "प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी" म्हणणारी. दुसरी घरची. "ए पोरी, दळण आणलं का नाय, का गिरणीतच झोपलीस?"

निवृत्तीच्या थोडं आधी तिथे यंत्र बसलं. बटण दाबलं की कुठल्यातरी बाईचा भरून ठेवलेला आवाज गाड्या सांगू लागला. अक्का त्या बाईबद्दल वाईट कधी बोलल्या नाहीत. "गोड आहे आवाज," म्हणायच्या. "पण ती बाई सोयगावला कधी गेलेली नाय. कळतं ते."

मी त्यांच्या शेजारच्या घरातली. इंग्रजी शाळेत शिकलेली, वाक्य आधी मनात नीट लावून मग बोलणारी, आणि ते लावून होईपर्यंत बहुतेक वेळा विषय बदललेला असायचा. अक्कांना हे पटायचं नाही. "हिचा आवाज कुणी ऐकलाय का?" असं त्या माझ्या आईला विचारायच्या, मी समोर उभी असताना. "का अजून पिशवीतनं काढलाच नाय?"

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी आणि वसीमने प्रकल्पासाठी एक गाडी करायला घेतली. घर पडलं, भिंत कोसळली, तर माणूस शिरू शकत नाही अशा फटीतून आत जायचं आणि कुणी अडकलंय का ते पाहायचं, एवढंच तिचं काम. सहा चाकं, भंगारातून आणलेल्या वायपरच्या मोटारी, पुढे पट्ट्यांनी बांधलेला एक जुना मोबाईल. हातातल्या दुसऱ्या मोबाईलवरून ती चालायची, आणि जे तिला दिसेल-ऐकू येईल ते आम्हाला दिसायचं-ऐकू यायचं. शहागंजच्या मागे राहणारा वसीम तिला चालवायचा. तो गाडीशी दखनीत बोलायचा आणि ती त्याचं ऐकायची. माझं ऐकायची नाही. मी तिच्याशी बोलायचेच नाही.

चाचणीसाठी आम्ही अंगणात विटा रचल्या होत्या. अक्का येऊन कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हे काय?"

"पडलेलं घर," मी म्हणाले.

"पडलेलं घर असं असतं व्हय? हे तर प्रार्थनेला उभं राहिलंय. या, माझं दाखवते."

त्याच महिन्यात त्यांनी आपलं जुनं घर पाडलं होतं. नवं बांधून होईपर्यंत त्या आमच्या वरच्या खोलीत राहायला आल्या होत्या. ठेकेदाराची माणसं दुसऱ्या कामावर गेली होती, त्यामुळे विटा, वासे, पत्रे, शहाबादी फरशीचे तुकडे सगळं जागच्या जागी पडून होतं. आम्हाला यापेक्षा चांगलं काही मिळणार नव्हतं. मिस्त्रीला बोलावून अक्कांनी एका कोपऱ्यात लोखंडी पलंग आडवा लावून घेतला, वर पत्रा, त्यावर माती आणि पोती. आत एक माणूस आरामात बसेल अशी पोकळी झाली. मागून बाहेर पडायला वाट होती.

"आत कोण बसणार?" वसीमने विचारलं.

"घर कुणाचंय?" अक्का म्हणाल्या.

त्या दिवसापासून अक्का ढिगाऱ्याखाली जायला लागल्या. सोबत उशी, पाण्याची बाटली आणि भुईमुगाच्या शेंगा. रोज त्या वेगळ्या कुणीतरी असायच्या. आज कोण आहे ते आत जाण्यापूर्वी जाहीर व्हायचं. "आज मी नवरी आहे. हळद लागलेली. उशीर केला तर वऱ्हाड परत जाईल." दुसऱ्या दिवशी त्या सरकारी कारकून होत्या आणि वाचवायला आलेल्यांना उद्या या म्हणून सांगणार होत्या. एकदा त्या नुसत्याच रुसलेल्या सासू होत्या, ज्यांना सापडायचंच नव्हतं.

"अक्का, हिलो मत ना जरा," वसीम ओरडायचा.

"सासू हलतेच," आतून उत्तर यायचं.

आमच्या गाडीत अंगाची ऊब ओळखणारं एक यंत्र होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याने प्रत्येक माणूस बिनचूक शोधला होता. प्रयोगशाळेत एसी होता हे तेव्हा आमच्या डोक्यात आलं नाही. एप्रिलच्या दुपारी गाडी ढिगाऱ्यात शिरली, वळली, थांबली आणि दिवा लुकलुकवायला लागली. वसीमने दोन्ही हात वर केले. "मिल गए, मिल गए."

"कोण सापडलं?" अक्कांचा आवाज आला, अगदी उलट्या टोकाकडून.

गाडी एका तापलेल्या पत्र्यासमोर निष्ठेने उभी होती. आपल्याकडे एप्रिलमध्ये माणसापेक्षा पत्रा जास्त जिवंत असतो, हे आम्हाला कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं. अक्का मागून बाहेर आल्या, पदर झटकला, गळ्यावर बोटं ठेवली. "लक्ष द्यावे. पत्रा सुखरूप आहे. नातेवाइकांनी काळजी करू नये."

आमचे सर म्हणाले, ऊब सोडा, आवाजावर जा. गाडीने हाक मारायची, थांबायचं, ऐकायचं. मग मी घरी दार लावून एक निरोप मोबाईलमध्ये भरला. स्वच्छ, सभ्य इंग्रजीत. आत कुणी आहे का, असल्यास कृपया प्रतिसाद द्या, घाबरू नका. गाडी पलंगाच्या अगदी तोंडाशी जाऊन ते तीनदा म्हणाली. आतून हूं नाही की चूं नाही.

"अक्का, ऐकू आलं नाही का?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"आलं की. पण आज मी बिडकीनची म्हातारी होते. मला वाटलं मोबाईल कंपनीचा फोन. ठेवून दिला."

वसीम पोट धरून खाली बसला. मला हसू आवरलं नाही, आणि माझ्या हसण्याकडे अक्कांनी नवलाने पाहिलं, जणू आमच्या घरी एखादी नवीन वस्तू आलीय.

मग वसीमला म्हणाल्या, "मी सांगते ना. माझा भरा." आणि सहज बोलल्यासारखं पुढे म्हणाल्या, "एका यंत्रानं मला उठवलं खुर्चीवरनं. दुसऱ्या यंत्रात तरी बसू द्या."

त्या हसत होत्या. पण तुम्ही तिथे असता तर तुम्हालाही कळलं असतं की त्या हे मागतायत.

शनिवारी अग्निशमन दलाचे एक अधिकारी गाडी बघायला येणार होते. पसंत पडली तर सरावासाठी ठेवून घेणार होते. सोमवारी ठेकेदार ढिगारा उचलणार होता. म्हणजे जे काही व्हायचं ते त्याच आठवड्यात.

आवाज भरायला अक्का इस्त्रीची साडी नेसून आल्या. "ढिगाऱ्याखालील नागरिकांनी कृपया लक्ष द्यावे," त्यांनी मोबाईलमध्ये भरलं. "आपणास बाहेर काढणारी गाडी आपल्या दिशेने निघालेली आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." शेवटचं वाक्य वसीमला काढून टाकायचं होतं. अक्कांनी काढू दिलं नाही.

या वेळी पलंगाखाली वसीम बसला. मी गाडी कशीबशी आत घातली आणि ती बोलायला लागली. वसीम बाहेर आला तो कान चोळत.

"काय ऐकू आलं?" अक्कांनी विचारलं.

"अक्का, सच बोलूँ? लगा कोई पापड तल रा."

गाडीचा स्पीकर डबीच्या झाकणाएवढा होता. मोठा लावला तर गाडी फटीत शिरणार नव्हती. सगळ्या फलाटांना पुरून उरलेला आवाज त्या झाकणात मावत नव्हता, फाटत होता. अक्का वर गेल्यावर वसीमने मला बोलून बघायला सांगितलं. मी आपल्या नेहमीच्या आवाजात चार शब्द बोलले. ते आत अगदी स्वच्छ गेले.

"तेरा ही डालते," तो म्हणाला. जिन्यात बांगड्यांचा आवाज झाला होता, आणि जिन्यात त्या वेळी अक्कांशिवाय कुणी नसायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं आणि कुणालाच कळलं नाही. कोपऱ्यावरच्या घरांनी मोटारी लावल्या, टाक्या भरल्या, अंगणं धुतली. शेवटच्या घरांतल्या बायका रिकाम्या कळश्या घेऊन आमच्या दारात आल्या. "अक्का गावाला गेल्या का?" त्यांनी आईला विचारलं. आई नुसतं वर बघत राहिली.

मी वर गेले. अक्का खिडकीशी बसून शेंगा फोडत होत्या आणि खात नव्हत्या. जिना चढताना मी वाक्य लावून ठेवलं होतं, तसंच बोलून टाकलं.

"अक्का, मी तुम्हाला शिकवते."

"काय?"

"हळू बोलायला."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांच्या खांद्यांपासून हसू सुरू झालं. "बरोबर मास्तरीण गाठली गं मी," त्या म्हणाल्या. "बस."

ते तीन-चार दिवस मला फार आवडले. आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसायचो. मी म्हणायचे, "अक्का, जवळ बसलेल्या माणसाशी बोलल्यासारखं बोला."

"जवळ कोण बसायचं माझ्या? मध्ये काच होती. माणसं सगळी पलीकडं."

आवाज खाली आणायचा म्हटलं की त्या मान खाली आणायच्या, डोळे बारीक करायच्या, आणि चोरून काहीतरी विकल्यासारख्या दिसायच्या. आवाज मात्र होता तिथेच. मी त्यांना एक अभ्यास दिला. गल्लीला कळू न देता चहा मागायचा. त्यांनी गळ्यावर बोटं ठेवली, डोळे मिटले, आणि त्यांच्या मते कुजबुजल्या, "अर्धा कप चहा ठेवा."

समोरच्या घरातून आवाज आला, "माझापण ठेवा."

शुक्रवारी दुपारी त्या आमच्या स्वयंपाकघरात आल्या आणि आईच्या पाठीमागे उभं राहून काहीतरी बोलल्या. आई भाकरी थापता थापता वळली. "काय म्हणालात?"

अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू बोर्डात आल्या. आईला त्यांनी पुन्हा पुन्हा "काय म्हणालात?" असं विचारायला लावलं. आईची भाकरी करपली.

शनिवारी अधिकारी आले. मिशा भरघोस, बोलणं मोजकं. त्यांनी आपला एक तरुण जवान परस्पर मागच्या वाटेने ढिगाऱ्यात पाठवला आणि कुठे बसवला ते आम्हाला सांगितलं नाही. "त्याला सांगितलंय, घाबरलेल्या माणसासारखं वाग," ते म्हणाले. "घाबरलेला माणूस लगेच ओ देत नाही." शिवाय भरलेला निरोप नको, प्रत्यक्ष बोला, असंही म्हणाले.

गल्ली जमली होती. वसीमने गाडी आत घातली. अक्का प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या, हातात मोबाईल. मी त्यांच्या शेजारी उकिडवी.

"आत कुणी असल्यास कृपया आवाज द्यावा," अक्का म्हणाल्या. हळू. शब्द न् शब्द सुटा. मी शिकवलं होतं त्याहून चांगलं. आणि आतून काही आलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. गाडी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरली. पडद्यावर माती, वासा, माती. अधिकाऱ्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. अक्कांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि तेच वाक्य म्हणता म्हणता मध्येच सोडून दिलं.

मग त्या मोबाईलवर वाकल्या. माईकची मराठी त्यांनी कुठे ठेवली कोण जाणे.

"बाळा," त्या म्हणाल्या, "कुठल्या गावचा रे तू?"

मग मोबाईलमधून, माती खरवडल्यासारखं, "सोयगावचा."

"सोयगावात कुठं?"

"गावाच्या बाहेर. वेताळवाडीच्या रस्त्याला."

"मग तू शेवटच्या गाडीनं जात असशील."

"व्हय. शिकायला होतो तवा."

"तिचं मागचं दार कधी लागायचं नाय."

आतला जवान हसला. घाबरलेल्या माणसाचं सोंग विसरून मोकळं हसला. वसीमने त्या हसण्याच्या दिशेने गाडी वळवली, एका वाश्याखालून घातली, आणि पडद्यावर आधी बूट दिसले, मग धुळीने भरलेला चेहरा.

"दोरीनं धरून बसायचो आम्ही ते दार," चेहरा सांगत होता.

तो बाहेर आला तेव्हा केसांत माती तशीच होती. सरळ खुर्चीपाशी गेला. "तुम्ही स्टँडवरच्या बाई ना? आवाज ओळखू आला नाही. पण सोयगाव असं म्हणणारी एकच बाई होती."

अक्कांनी पदराने त्याच्या कपाळावरची माती पुसली, जी त्याला स्वतःलाही पुसता आली असती.

गाडी पसंत पडली. अधिकाऱ्यांनी सांगितलं की या बाईंचाच आवाज भरून गाडीत बसवून टाका, आम्हाला हाच पाहिजे. वसीमने माझ्या पाठीत धपका घातला. गल्लीने टाळ्या वाजवल्या. ज्यासाठी अक्का इतके दिवस कुजबुजत होत्या, ते समोर आलं होतं.

"नको," अक्का म्हणाल्या.

मला वाटलं माझंच ऐकण्यात चुकलं.

"भरलेला आवाज आपलं आपलं बोलत जातो, साहेब. समोरच्यानं काय उत्तर दिलं ते त्याला कळत नाय. मी मगाशी तेच करत होते. पाठ केलेलं म्हणत होते, तर हा पोरगा गप. तुमची माणसं पाठवा माझ्याकडं. मी शिकवते."

"काय शिकवणार?"

"हळू बोलायला," अक्का म्हणाल्या, आणि माझ्याकडे अजिबात पाहिलं नाही. "आमच्याकडं पद्धत आहे त्याची."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी, रविवारी, चार दणकट जवान आमच्या वरच्या खोलीत गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि एकमेकांकडे कुजबुजत चहा मागू लागले. आई चहा करून दमली.

सोमवारी ढिगारा गेला. घर उभं राहिलं, छान झालं, पण अक्का त्यात फार दिवस राहिल्या नाहीत. पुण्याला मुलीचं बाळंतपण निघालं, मग नातीचं करणं निघालं, आणि आता त्या तिथल्याच झाल्या आहेत. घरात भाडेकरू आहेत. पाणी आलं की गल्लीच्या ग्रुपवर निरोप येतो, आणि शेवटच्या घरांना तो उशिरा दिसतो. फोनवर अक्का माझ्याशी हळू बोलतात. मला ते कधी कधी नको वाटतं, मग मी म्हणते, ऐकू येत नाही. मग त्या ओरडतात.

परवा एक मोटार बदलायला मी आणि वसीम अग्निशमन केंद्रावर गेलो होतो. आवारात सराव चालू होता. जुन्या फर्निचरचा ढीग, आत त्यांचा बंबाचा चालक, आणि बाहेर मोबाईल हातात घेऊन स्वतः ते अधिकारी. अक्का ऐकायला नव्हत्या, म्हणून मीच नीट ऐकून घेतलं.

चालक कुणाशी फारसा न बोलणारा माणूस, असं बाजूच्या जवानाने मला सांगितलं. अधिकाऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला, इकडेतिकडे पाहिलं, आणि मोबाईल तोंडाजवळ नेऊन अगदी हळू विचारलं, "घरी कोण कोण असतं हो तुमच्या?"

आतून बराच वेळ काही नाही. मग चालकाने सुरुवात केली. बायको, दोन मुली, आणि आई. आई मागच्या दिवाळीपासून बहिरी झाल्याचं सोंग करते, सुनेला उत्तर द्यायला लागू नये म्हणून. सुनेला ते माहीत आहे, पण तीही तसं दाखवत नाही. त्या दोघी एकमेकींना खुणा करतात. आणि तो घरी आला की दोघी आपापल्या बाजूने त्याच्याशीही खुणांनीच बोलतात, त्यामुळे घरी बोलायचं तरी कुणाशी.

बंबाला टेकलेले जवान आधी हसले, मग हसायचे थांबले. पडद्यावर गाडीने त्याला केव्हाच शोधलं होतं. गुडघे पोटाशी घेऊन तो निवांत बसला होता आणि मोठीला गणित कसं आवडतं ते सांगत होता. एक जण टेबल बाजूला करायला पुढे झाला, तसा अधिकाऱ्यांनी हात वर केला.

"थांब जरा," ते म्हणाले, मोबाईलला ऐकू जाणार नाही इतकं हळू. "बोलू दे त्याला."